एकोणनव्वदावा दिवस

नकाशा तुम्ही आधी काढलात आणि चटया मागनं वाटल्यात. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकलेलं बरं, नाहीतर गोष्ट रंगात आली की तुम्ही हळूच म्हणाल, आमचा हेतू चांगला होता. असेल. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात शिक्क्याखाली तारीख आहे, सोळा जानेवारी. धोटा वसाहतीत पहिली चटई आली त्याच वर्षीच्या एकवीस मार्चला. मधले दोन महिने निळी रेषा आखून, तिच्या आत कुणाकुणाची घरं येतात ते मोजून तुम्ही गप्प बसलात. आणि मग हसत हसत इंदुमती मुसळेच्या हातात ती चटई दिलीत.

इंदुमती म्हणजे गल्लीची इंदाक्का. वय सत्तेचाळीस, काम वहिफणीचं. ज्यांनी यंत्रमागाचं गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर नवा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, मागावर चढवण्याआधी ताण्यातला एकेक धागा वहीच्या, म्हणजे तारांच्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून ओवून घ्यावा लागतो. तीन-चार हजार धागे, आणि एक चुकला तर कापडात शेवटपर्यंत रेघ. तीस वर्षं हे काम केलेल्या बाईची नजर कशी असते ते तुम्हाला ठाऊक असतं, तर नकाशाच्या कोपऱ्यात तारीख ठेवायचं धाडस तुम्ही केलं नसतं.

वसाहतीच्या पाठीमागनं ओढा जातो. तुमच्या पाणी विभागाच्या दप्तरी तो नाला क्रमांक अकरा. वरच्या अंगाला कापड रंगवायचे कारखाने. सोमवारी ओढा निळा, बुधवारी किरमिजी, आणि सणासुदीच्या आधी सगळे रंग मिसळून काळा. पावसाळ्यात घरात पाणी शिरलं की भिंतीवर रंगाचा पट्टा राहायचा. इंदाक्काच्या घरात असे सात पट्टे होते आणि तिचा नवरा अप्पासो पाहुण्यांना ते वर्षांप्रमाणे वाचून दाखवायचा.

चटई घेऊन आला तो पेडणेकर, विद्यापीठातला तरुण संशोधक, तुमच्याच कंत्राटावर. इंदाक्काच्या ओट्यावर मांडी घालून त्यानं काचेच्या बरणीतला ओढ्याचा गाळ दाखवला आणि समजावायला लागला.

गाळाच्या खोल थरात हवा नसते. तिथं सडक्या अंड्याच्या वासाचा वायू साचतो. वरच्या पाण्यात थोडीफार हवा असते, पण खाली अन्न आणि वर श्वास अशी ताटातूट झाल्यानं गाळातलं बहुतेक जीवन मरतं. एक जंतू मात्र असा आहे की तो हजारोंच्या संख्येनं एकापुढं एक जोडून केसाहून बारीक तार बनवतो. तारेचं एक टोक खोल गाळात तो वायू खातं, दुसरं टोक वर पाण्यात श्वास घेतं, आणि दोन्हींच्या मधून चक्क वीज वाहते. "समजा मावशी, एक माणूस इतका लांब की पोट तळघरात आणि नाक गच्चीवर," पेडणेकर म्हणाला.

"म्हंजे हा उभा ताणाच की," इंदाक्का म्हणाली. पेडणेकर तिच्याकडं बघतच राहिला.

पुढचं तिला आणखी पटलं. ही वीज वाहायला लागली की गाळातलं लोखंड वर येऊन त्याचा गंज होतो. गाळावर तांबड्या गंजाचा पातळ पापुद्रा धरतो, आणि रंगाच्या कारखान्यांनी वर्षानुवर्षं ओतलेलं जड धातूंचं विष त्या पापुद्र्याला चिकटून बसतं. पाण्यात सुटत नाही. पेडणेकरच्या प्रयोगशाळेनं या जंतूची कणखर जात तयार केली होती. तिचं विरजण लावलेली सुती चटई गाळावर अंथरायची, बस्स. पुलाला एक मापक लावला होता. गाळातली वीज मोजून तो आकडा दाखवायचा. आकडा मोठा तेवढा गाळ जिवंत. त्या दिवशी आकडा होता तीन.

नमुन्याच्या चटया चाळीसच आल्या होत्या. विरजण भरपूर होतं, बाकीच्या चटया वसाहतीनं विणायच्या. सूचनापत्रात लिहिलं होतं, धागा कोरा आणि धुतलेला असावा. बायकांनी ते वाचलं आणि हसल्या. कोरा ताणा मागावर कोण चढवतं? दोन हात कापड निघायच्या आत शंभर ठिकाणी तुटतो. ताण्याला खळ लावायची असते, मक्याच्या पिठाची, हे या गावात रांगत्या पोरालाही कळतं. कुणीतरी शहरात बसून लिहिलंय, त्याला काय ठाऊक, असं म्हणून त्यांनी चांगली दाट खळ लावून नऊशे चटया विणल्या, विरजणात बुडवल्या, आणि गुडघाभर गाळात उतरून अंथरल्या.

ही त्यांची चूक. खळीवर आधी गाळातले दुसरे जंतू माजले, त्यांनी तो सडका वायू आणखी सोडला, आणि त्या वायूवर हे तारजंतू असे पोसले की पेडणेकरच्या बरणीत कधी पोसले नव्हते. जे काम पाच वर्षांत व्हायचं ते चौदा महिन्यांत झालं. आकडा तिनाचा अकरा झाला, अकराचा तीस, आणि एका सकाळी साठ. वास गेला. कारखान्यांचं पाणी येत होतंच, पण पुलाखालून निघताना ते बिनरंगाचं निघायचं. बोटाएवढे मासे आले. पेडणेकर आनंदानं वेडा व्हायचा बाकी होता. खळ हा शब्द त्यानं वहीत तीनदा लिहून घेतला.

आणि आंबरवाडीहून तानाक्काचा फोन आला. तानाक्का ही इंदाक्काची थोरली बहीण, दिलेली खालच्या अंगाला अकरा किलोमीटरवर, जिथं हा ओढा नदीला मिळतो. ती म्हणाली की म्हैस नदीवर उतरली आणि पाणी प्याली, तीस वर्षांत पहिल्यांदा.  मग म्हणाली, "इंदे, तुझ्या हातचं पाणी पितोय गं आम्ही." इंदाक्का ते वाक्य दिवसभर गल्लीत सांगत सुटली.

त्यानंतर तुमचं पत्र आलं.

पहिला शब्द होता अभिनंदन. वाहत्या पाण्याच्या नव्या नियमाप्रमाणे ज्या नाल्याचा आकडा सलग नव्वद दिवस चाळीसच्या वर राहील, तो नाला दप्तरी आपोआप नदी होईल. आपोआप, म्हणजे सही करणारा कुणी नाही, जाब विचारायला तोंड नाही. आणि नदी झाली की तिला निळी पूररेषा. रेषेच्या आत घर ठेवता येत नाही. दोनशे बारा घरांपैकी एकशे शहाऐंशी आत. सोबत नकाशा जोडला होता. ज्यांची घरं जातील त्यांची सोय डोंगराखालच्या इमारतीत, मागांच्या गल्लीपासून चौदा किलोमीटरवर. वहिफणीवालीला कारखान्यातनं हाक आली की अर्ध्या तासात पोचायचं असतं. चौदा किलोमीटरवरून हाक ऐकू येत नाही. घरं आमच्या नावावर करणारे उतारे तुम्ही चटया आल्यापासून तिसऱ्या वर्षी देणार होता. तिसरं वर्ष उजाडायच्या आधीच ओढा साफ झाला. तो तसा झाला नसता तर?

हा प्रश्न गल्लीत कुणी मोठ्यानं विचारला नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर तो होता. पत्र आलं तेव्हा मापकाखालच्या दुसऱ्या पाटीवर दिवसांची मोजणी चालू झालेली होती. एकाहत्तर.

गल्लीच्या मंडळाच्या शेडमध्ये बैठक बसली. कोर्टात जाऊ, मोर्चा काढू, वर्तमानपत्रात देऊ, असं सगळं बोलून झालं. कोर्टाची तारीख नव्वदावा दिवस उजाडायच्या आत कुठली लागायला. मग पाठीमागनं सुगंधा बोत्रे, जिनं इंदाक्काच्या बरोबरीनं गाळ तुडवला होता, ती शांतपणे म्हणाली, "इंदाक्का, तुझ्या हाताला लईच गुण हाय गं. ओढ्याबरोबर आमचं घरबी धुऊन निघालं." कुणी हसलं नाही. सुगंधा म्हणत होती त्यात खोटं काय होतं, आणि खरं तरी काय होतं?

नकाशावरची तारीख तिला घरी आल्यावर दिसली. पेडणेकरला तिनं फोन केला. तो म्हणाला, मला नकाशाचं काही माहीत नव्हतं. तीनदा म्हणाला. पहिल्या दोन वेळेला तिला ते खरं वाटलं.

उपाय सांगितला हुसेनमामांनी. हुसेन मुल्ला, वय बाहत्तर, जन्मभर वरच्या कारखान्यात रंगारी. नखं अजून निळीच. त्यांनी इंदाक्काच्या ओट्यावर एक पत्र्याचा डबा आणून ठेवला. आत पांढरी पूड. रंगारी तिला हायड्रोस म्हणतात. कापडावर चढलेला रंग उतरवायला वापरतात. पाण्यात पडली की ती पाण्यातली हवा खाऊन टाकते. हवा संपली की तारजंतूचं नाक बंद. आकडा चाळीसच्या खाली, आणि मोजणी पुन्हा शून्यावर.

"तीस वर्षं हा ओढा मीच मारलाय, इंदा," मामा म्हणाले. "आणखी एक दिवस मारायला मला काय शिकायचंय?"

इंदाक्कानं पुन्हा पेडणेकरला विचारलं, असंच आपलं, माहितीसाठी म्हणून.  तो म्हणाला की नुसती हवा गेली तर एकवेळ चालेल, पण हायड्रोस गंज विरघळवतं. प्रयोगशाळेत मातीतला गंज काढायला आम्ही तेच वापरतो. पापुद्रा विरघळला की त्याला चिकटून बसलेलं सगळं एकदम पाण्यात येणार आणि खाली जाणार.

"एका बादलीनं किती सुटंल?"

"सांगता येत नाही, मावशी."

"तुमच्या शास्त्रात सांगता येत नाही असं किती हाय?"

"बरंच आहे," तो म्हणाला. मग घाईघाईनं म्हणाला की हा फोन झालेला नाही.

खाली म्हणजे आंबरवाडी. तिनं अप्पासोला विचारलं. तो भिंतीवरच्या पट्ट्यांकडं बघत होता. म्हणाला, ह्या घरात आई गेली, ह्या घरात पोरीचं लग्न झालं, मी डोंगराखाली जाऊन खोकत बसू काय? मग म्हणाला, तानाक्काचंबी खरंच हाय. दोन्ही वाक्यं त्यानं एकाच आवाजात म्हटली आणि कूस बदलली. तिला वाटलं, याला रागवावं. पण कुठल्या वाक्यासाठी?

तानाक्काचा नंबर तिनं तीनदा लावला आणि तीनदा वाजायच्या आत तोडला.

एकोणनव्वदाव्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत माग बंद होते तेव्हा, ती आणि हुसेनमामा पुलाखाली उतरले. मामांनी पूड मोजली, बादलीत हळूहळू सोडली, काठीनं ढवळली. विझलेल्या काडीसारखा वास आला. मामा म्हणाले, मी ओततो, माझा हात आधीच खराब झालेला आहे. तिनं बादली सोडली नाही. चटया तिनं अंथरल्या होत्या. तिनंच ओतलं.

पाटीवर आकडा एकसष्ट होता. अठ्ठावन्न झाला. थोडा वेळ तिथंच अडला, आणि तिला एकदम वाटलं की खाली उतरूच नये. मग सदतीस, बावीस, नऊ. दिवसांच्या पाटीवर एकोणनव्वद होते तिथं शून्य आलं. पुलावर वीसेक माणसं उभी होती. टाळी कुणीच वाजवली नाही. गाळावरचा तांबडा पापुद्रा, जो चौदा महिन्यांत धरला होता, तो बघता बघता राखाडी झाला आणि पाण्याला ढगासारखं काहीतरी सुटलं. मामा सवयीनं ओढ्यात हात धुवायला वाकले, मग थांबले, आणि हात तसेच पुढं धरून घरी गेले.

त्या संध्याकाळी तिनं फोन लावला आणि लागू दिला. तानाक्काला सांगितलं की चार दिवस म्हशीला नदीवर सोडू नको, पोरांनाही. का, असं तानाक्कानं विचारलं. वरनं कायतरी आलंय म्हणतात, असं इंदाक्का म्हणाली. कोण म्हणतंय, असं तानाक्कानं विचारायच्या आत तिनं फोन ठेवला.

सहाव्या दिवशी तानाक्का एसटीनं आली. हातात नदीच्या पाण्याचा कॅन. तो तिनं उंबऱ्यावर ठेवला आणि स्वतः बाहेरच उभी राहिली. म्हैस गाभडली होती, रेडकू पोटातच गेलं होतं. फोन यायच्या आधीच ती नदीवर जाऊन आली होती. डॉक्टर म्हणाला, कशानंही होतं, उन्हानं होतं, चाऱ्यानं होतं. मासेही मेले होते, पण ते तर वरच्या कारखान्यांनी एखाद्या दिवशी जास्त सोडलं तरी मरायचे. तानाक्का हे सगळं न रडता सांगत होती, जणू कुणा तिसऱ्याच्या घरचं.

"तू ओतलंस?"

"व्हय."

"मला का नाही विचारलंस?"

इंदाक्का चहाचं आधण ठेवायला वळली.

"मी नको म्हटलं असतं," तानाक्का म्हणाली. "म्हणून नाही विचारलंस."

चहा तिनं घेतला नाही. निघताना इंदाक्का कुंकवाचा करंडा घेऊन धावली, तर ती एसटीच्या रस्त्याला लागली होती. तीस वर्षांत थोरली बहीण कुंकू न लावता या दारातनं कधी गेली नव्हती. इंदाक्का करंडा हातात घेऊन तशीच उभी. म्हैस बादलीनं गाभडली की उन्हानं? उन्हानं असेल तर तानाक्काचा राग खोटा का? आणि बादलीनं असेल तर एकशे शहाऐंशी घरं राहिली, ती कुणाच्या जिवावर? ती धाग्यांची बाई. कुठल्याही गुंत्याचं एक टोक हाताला लागलं की पुढचं सुटतं हे तिला माहीत. इथं टोकच लागेना.

आणि ओढा? ओढ्याला काहीच झालं नाही. खळीवर पोसलेल्या त्या हट्टी तारांनी तीन आठवड्यांत पुन्हा डोकं वर काढलं. आकडा चाळीसच्या वर गेला. पाटीवर दिवस एक.

त्या दिवशी इंदाक्कानं दाराच्या कडीला सुताचा एक धागा बांधला आणि त्याला गाठ मारली. रोज एक गाठ. गल्लीतले लोक येता-जाता गाठी मोजायचे. पन्नाशी उलटल्यावर सुगंधानं विचारलं की या खेपेला डबा आणलाय ना, आणि विचारताना तिनंच मान खाली घातली. हुसेनमामा म्हणाले, मी जिवंत आहे तोवर दर तीन महिन्यांनी येईन, पुढचं तुमचं तुम्ही बघा. दर तीन महिन्यांनी. हेच आता जगणं का? नऊशे चटया विणायच्या, गाळात उभं राहायचं, आणि एकोणनव्वदाव्या दिवशी आपल्याच हातानं मारायचं?

तिनं तुमच्याकडं सुनावणी मागितली. तुम्ही दिलीत. कोणत्या दिवशी ते तुम्ही पाहिलं नसेल. धाग्याला अठ्ठ्याऐंशी गाठी होत्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजता.

ती गेली तेव्हा तिच्या एका हातात झाकणाची बादली होती, दुसऱ्यात पत्र्याचा डबा. तुमच्या लांबड्या टेबलावर, कागदपत्रं बाजूला सारून, तिनं दोन्ही मांडलं. झाकण काढलं. बादलीत ओढ्याचं पाणी होतं, इतकं नितळ की तळाचं निळं प्लॅस्टिक दिसत होतं आणि वर छताचा पंखा.

तुमचा साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला बसायला सांगितलं. तिनं आधी नकाशावर बोट ठेवलं, सोळा जानेवारी. तो म्हणाला, ती तांत्रिक बाब आहे, नकाशे आधीच तयार असतात. ती म्हणाली, असतात ना? मग आम्हाला का नाही दाखवला? त्यानं ते टिपून घेतलं. मग त्यानं डब्याकडं बोट दाखवून विचारलं, यात काय आहे.

तिनं सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मागच्या खेपेची बादली, म्हैस, तानाक्का. शेवटी म्हणाली की हुसेन मुल्ला आत्ता पुलाखाली दुसरी बादली घेऊन बसलेत आणि हा फोन त्यांच्याशी चालू आहे. सहाला पाटी बदलते. मी व्हय म्हटलं तर ते ओततील, आंबरवाडीला विष जाईल. नको म्हटलं तर पाटीवर नव्वद येतील, ओढ्याची नदी होईल, आमची घरं जातील. मागच्या खेपेला मी एकटीनं ठरवलं. या खेपेला तुम्ही ठरवायचं.

साहेब ताठ झाला. म्हणाला, बाई, पाण्यात असं काही मिसळणं गुन्हा आहे.

"बरं. म्हंजे नको," ती म्हणाली. "तसं लिहून द्या. आणि त्याच्याच खाली लिहा, एकशे शहाऐंशी घरं तिथंच राहतील."

तो म्हणाला, घरांचा विषय या विभागाकडं नाही.

"मग ओत म्हणा."

तो म्हणाला, तसं कुणीच म्हणू शकत नाही. तिनं मान डोलावली, जणू तिला तेच अपेक्षित होतं, आणि खुर्ची सोडून टेबलासमोर जमिनीवर बसली, वहिफणीला बसतात तशी, एक पाय दुमडून. फोन मांडीवर. त्यातनं ओढ्याचा आवाज येत होता, आणि मधूनच हुसेनमामांचा खोकला.

साडेपाच झाले. साहेबानं वर फोन केला. वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना केला. पावणेसहा झाले.

नकाशा आधी काढलात, रेषा आधी आखलीत, नियम आधी लिहिलात. म्हणजे हा दिवस येणार हे तुम्हाला ठाऊक होतं आणि त्या दिवशी काय करायचं तेही तुम्ही ठरवलं असणारच. ते सांगा. बादली टेबलावर आहे, म्हातारा पुलाखाली आहे, खाली अकरा किलोमीटरवर एक बाई पाणी भरायला निघायच्या बेतात आहे. तांत्रिक बाब नको, विभाग नको, अभिनंदन तर नकोच.

ओतू का नको? तोंडी नको. लिहून द्या.